घरकामांतील वांटेकरी

घरांतील कामांविषयीं बोलतांना 'मदत' हा शब्द फार सहजपणें वापरला जातो. नवरा बायकोस मदत करतो, मुलगा आईस मदत करतो, सासरे निवृत्त झाले म्हणजे सुनेस भाजी निवडण्यास मदत करतात. शब्द गोड आहे, आणि तो वापरणाऱ्याचा हेतूहि बहुधा चांगलाच असतो. परंतु मदत ही नेहमीं दुसऱ्याच्या कामांत करावयाची असते. शेजाऱ्याच्या घरीं मंगलकार्य निघालें म्हणजे माणूस मदतीस जातो, चार पाट मांडतो, आणि यजमानांचें कौतुक ऐकून परत येतो. तेथें काय कमी पडलें, उद्यां काय लागेल, पाहुण्यांचीं अंथरुणें कोठून येतील, याची चिंता त्याला नसते व असण्याचें कारणहि नाहीं. घरांतला पुरुष, किंवा हाताशीं आलेला मुलगा, स्वतःच्याच घरांत असा मदतीस आलेला शेजारी होऊन बसला आहे. त्याला कामाची गोडी कशी लावावी हें पाहूं जातां पहिली अडचण तीच लागते.

ही स्थिति किती सार्वत्रिक आहे हें आंकड्यांनींहि सांगतां येतें. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं देशभर वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. सहा वर्षें व त्यावरील वयाच्या माणसांत, घरच्यांसाठीं विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचीं दिवसाकांठीं सरासरी २९९ मिनिटें त्या कामांत जात होतीं, पुरुषांचीं ९७. पण हीं ९७ मिनिटेंहि सर्व पुरुषांचीं नव्हेत. दिवसभरांत असें एखादें तरी काम करणारे पुरुष शेंकडा २६ च निघाले. स्त्रिया शेंकडा ८१. उरलेले शेंकडा ७४ पुरुष त्या दिवशीं मदतीसहि आले नव्हते.

यावरून पुरुषजात आळशी आहे असा निष्कर्ष काढणें सोपें आहे, आणि पुष्कळ घरांत तो रोज सकाळीं मोठ्यानें काढलाहि जातो. परंतु तो टिकत नाहीं. गणेशोत्सवाचे दहा दिवस पाहावेत. घरीं पाण्याचा पेला उचलून ठेवण्यास ज्याला चार वेळां सांगावें लागतें, तोच वीस वर्षांचा मुलगा मंडपाचे बांबू खांद्यावरून वाहतो, रात्रीं सतरंज्या झटकतो, पहांटे आंघोळ करून मंडप झाडतो, प्रसादाचे द्रोण भरतो. महाप्रसादाच्या दिवशीं कमरेला टॉवेल गुंडाळून तो पंगतींत भात वाढतो, 'सावकाश होऊं द्या' म्हणून वडीलधाऱ्यांस आग्रह करतो, आणि पंगत उठल्यावर उष्ट्या पत्रावळीहि उचलतो. त्याची आई हें सर्व गॅलरींतून पाहत असते. हंसावें कीं रागवावें हें तिला कळत नाहीं. हाताला वळण नाहीं असें ती ज्याच्याविषयीं म्हणत आली, त्याच्या हाताला तर चांगलेंच वळण आहे!

मग मंडपांत जें आहे आणि घरांत जें नाहीं, तें काय? उत्साह, मित्रांची संगत, देवाचें कार्य, हें सगळें खरें. पण तेवढ्यानें उलगडा होत नाहीं. मंडपांतलें काम त्याच्या नांवावर लिहिलेलें असतें. 'वाढपाचें याच्याकडे' असें एकदां ठरलें म्हणजे द्रोण किती आणावयाचे, बादल्या कोणाकडून मागून घ्यावयाच्या, मीठ वाढणारा आला नाहीं तर कोणाला उभें करावयाचें, हें त्यानेंच पाहावयाचें असतें. मागें उभें राहून 'तसें नव्हे, असें' म्हणणारें तेथें कोणी नसतें. काम फसलें तर चारचौघांत त्याचेंच नांव निघतें, आणि साधलें तरीहि त्याचेंच निघतें. उलट घरीं त्याच्या वाट्यास काय येतें? 'जरा तो डबा वरून काढून दे', 'जरा खालीं जाऊन कोथिंबीर आण', 'जरा गॅसकडे बघ, दूध उतूं जाईल'. या 'जरा'चा अंत कधीं लागत नाहीं, आणि त्यांतून कोणतेंहि काम पुरें होत नाहीं. त्याला काम मिळत नाहीं, कामाचे तुकडे मिळतात. तुकडे उचलणारा माणूस हुकूम होईपर्यंत बसून राहतो, यांत नवल तें काय!

पुरुषांचे हात या कामास पूर्वीपासूनच लागलेले नाहींत, अशीहि एक समजूत आहे. लग्नामुंजींत शेंपन्नास पानांचा स्वयंपाक करणारे आचारी पुरुषच असत. शिक्षणासाठीं पुण्यास येऊन खोलींत हातानें करून खाणारे विद्यार्थी एकेकाळीं थोडे नव्हते; पिठलें-भात त्यांना उत्तम येत असे. लग्न होतांच ते ही विद्या विसरले; निदान विसरल्याचें त्यांनीं जाहीर केलें. मुलग्यांच्या वाट्यासहि घरांत ठरलेलीं कामें होतीं. विहिरीचें किंवा नळाचें पाणी भरणें, लांकडें फोडणें, बंब पेटविणें, कंदिलाच्या कांचा राखेनें पुसणें, गिरणीवरून दळण आणणें, पुढें रेशनच्या आणि रॉकेलच्या रांगेंत उभें राहणें. हीं कामें मुलाचींच असत आणि तीं टळत नसत. संध्याकाळपर्यंत कांचा पुसल्या गेल्या नाहींत तर घरांत अंधार होई. तो कोणामुळें झाला हें सर्वांना ठाऊक असे.

हीं कामें शहरांतील बहुतेक घरांतून गेलीं. पाणी भिंतींतून येऊं लागलें, दिवा बटनावर लागूं लागला, सरपणाच्या जागीं गॅस आला. अमेरिकेंतील इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनीं १९८३ सालच्या आपल्या ग्रंथांत तेथील घरांविषयीं एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली आहे. घरांत नवीं साधनें आलीं, तेव्हां त्यांनीं जीं कामें नाहींशीं केलीं त्यांतील पुष्कळशीं पुरुषांचीं व मुलांचीं होतीं. स्वयंपाक, स्वच्छता व मुलांचें संगोपन तेवढें उरलें, आणि स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्यामुळें तें कमीहि झालें नाहीं. इकडे निराळें कांहीं घडलेलें नाहीं. मुलाचा कंदील गेला, आईची कणीक राहिली. मुलगा मोकळा झाला याचें घरांत कौतुकच झालें, कारण त्याला अभ्यास होता. अभ्यास मुलीलाहि होता. पण तिच्या हातांत लसणाचे कांदे देतांना त्याची आठवण कोणास झाली नाहीं.

सर्वांत विलक्षण गोष्ट अशी कीं कामाची हौस माणसांत उपजतच असते आणि घरेंच ती घालवून टाकतात. दीड-दोन वर्षांचें मूल केरसुणी ओढीत हिंडतें, पोळ्या लाटतांना गोळ्यासाठीं हात पुढें करतें, पिळलेला कपडा बादलींतून काढून आईच्या हातांत देतें. फेलिक्स वार्नेकन आणि मायकेल टोमासेलो या दोन मानसशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेले प्रयोग याच वयाच्या मुलांवर केलेले आहेत. कपडे वाळत घालतांना एका माणसाच्या हातून चिमटा पडतो, तो वांकून हात लांबवितो पण चिमट्यापर्यंत हात पोंचत नाहीं. अठरा महिन्यांचें मूल चालत येतें आणि चिमटा उचलून त्याला देतें. चोवीस मुलांपैकीं बावीस मुलांनीं अशा निरनिराळ्या प्रसंगांपैकीं निदान एकांत तरी हात दिला. कोणी सांगितलें नव्हतें, कोणी बक्षीस कबूल केलें नव्हतें.

आणि घरीं काय होतें? 'अरे, सांडशील', 'राहूं दे, तुला नाहीं जमायचें', 'बाजूला हो बघूं, मला घाई आहे'. घाई खरी असते. दोन वर्षांच्या मुलास कोथिंबीर निवडावयास दिली तर काड्या राहतात आणि पानें जमिनीवर जातात. दहा मिनिटांचें काम अर्ध्या तासावर जातें. म्हणून त्याला खेळणें देऊन दुसऱ्या खोलींत बसविण्यांत येतें. तेंच मूल बारा वर्षांचें झालें म्हणजे खोलींतून बाहेर येत नाहीं आणि 'याला कामाची आवड कशी ती नाहीं' अशी तक्रार सुरू होते. दहा वर्षें जें त्याला शिकविलें तें तो नीट शिकला, इतकेंच.

या वयांत मग बक्षिसाचा उपाय सुचतो. भांडीं विसळलीं तर अमुक पैसे, अंथरूण काढलें तर मोबाईल अर्धा तास. कांहीं दिवस तो चालतो, म्हणून पालकांचा त्यावर विश्वास बसतो. परंतु त्याच दोन शास्त्रज्ञांनीं २००८ सालीं वीस महिन्यांच्या मुलांविषयीं असें दाखविलें कीं ज्यांना मदतीबद्दल वस्तुरूपानें बक्षीस मिळालें, तीं बक्षीस थांबल्यावर इतरांहून कमी मदत करूं लागलीं. त्याही आधीं, १९७३ सालीं, लेपर, ग्रीन व निस्बेट यांनीं बालवाडींतील मुलांना चित्रें काढल्याबद्दल प्रशस्तिपत्रक देण्याचें आधीं कबूल केलें आणि दिलें. पुढें एक-दोन आठवड्यांनीं तीं मुलें फावल्या वेळांत पूर्वीं आवडणाऱ्या त्या रंगीत लेखण्यांकडे इतर मुलांच्या निम्म्यानेंच वळलीं. बक्षीस दिलें कीं मुलाच्या मनांत त्या कामास किंमत ठरते, आणि किंमत ठरली कीं ती परवडते कीं नाहीं हें पाहण्याचा हक्कहि त्यास येतो. 'मला आज पैसे नकोत' म्हणून तो पलंगावर आडवा झाला, तर व्यवहाराच्या दृष्टीनें त्याचें कांहीं चुकलें असें म्हणतां येत नाहीं.

स्वतः करून दाखविण्याचा मार्ग याहून श्रेष्ठ मानला जातो आणि त्याचें उदाहरण म्हणून साने गुरुजींचें नांव हटकून निघतें. १९२४ ते १९३० या काळांत गुरुजी अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते, आणि तेथील छात्रालयहि त्यांच्याकडे होतें. मुलें शाळेंत गेलीं म्हणजे गुरुजी त्यांच्या खोल्या झाडीत, पसरलेलें सामान आवरून ठेवीत, कपडे धुऊन ठेवीत. मुलांना प्रथम कळेना हें कोण करतें. कळलें तेव्हां तीं लाजलीं आणि स्वतः आवरूं लागलीं. गोष्ट खरी आहे आणि सुंदर आहे. परंतु ती ऐकून एखाद्या गृहिणीनें मुकाट्यानें सगळ्यांचें सगळें करीत राहावें आणि कोणी तरी लाजण्याची वाट पाहावी, हें मात्र भोळेपणाचें होईल. गुरुजींच्या झाडण्यानें मुलें लाजलीं, कारण झाडणें हें गुरुजींचें काम नव्हतें. गृहिणी वीस वर्षें झाडते तेव्हां कोणी लाजत नाहीं, कारण तें तिचेंच काम अशी सर्वांची खात्री असते. घरीं ज्याच्या झाडण्यानें मुलगा दचकेल तो त्याचा बाप. रविवारीं वडील स्वतः न सांगतां मोरी घासावयास बसले, तर त्या दृश्याचा परिणाम आईच्या वर्षभराच्या बोलण्यानें होत नाहीं इतका होतो. मात्र वडिलांनीं तें मुलासमोर व्याख्यान देत देत करूं नये.

तेव्हां खरा प्रश्न काम सोंपविण्याचा आहे, आणि तें सोंपविणें दिसतें तितकें सोपें नाहीं. अॅलिसन डॅमिंगर या समाजशास्त्रज्ञ बाईंनीं २०१९ सालीं घरकामांतील विचाराच्या श्रमाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढें काय लागणार हें आधीं ओळखणें, तें कसें भागवावें याचे पर्याय शोधणें, त्यांतला एक ठरविणें, आणि ठरलेलें पार पडलें कीं नाहीं यावर लक्ष ठेवणें, असे त्याचे चार भाग त्यांनीं पाडले. ठरविण्याच्या वेळीं नवराबायको बहुधा दोघें असतात; आधीं ओळखणें व शेवटीं लक्ष ठेवणें हें बहुतेक बायकोकडे राहतें. 'तूं नुसतें सांग ना, मी करतों' हें वाक्य उदार वाटतें खरें, पण त्यानें बायकोस घरची मुकादम केलेलें असतें. हातांचें काम कमी झालें, डोक्याचें तसेंच राहिलें, आणि वर सांगण्याचें एक नवें काम वाढलें.

म्हणून द्यावयाचें तर काम डोक्यासकट द्यावें. दूध हें उदाहरण घेतां येईल. दूध द्यावयाचें म्हणजे 'दूध तापव' असें सांगावयाचें नव्हे. आज किती घ्यावें, पाहुणे असतील तर किती वाढवावें, तापवून झांकून केव्हां ठेवावें, साय कोणत्या भांड्यांत काढावी, रात्रीं विरजण किती लावावें, थंडींत दही लागत नाहीं तेव्हां काय करावें, तापविलेलें पातेलें भिजत घालून कोणी घासावें, हिशेब महिन्याच्या शेवटीं कोणी चुकवावा, या सगळ्यांस मिळून दूध म्हणावयाचें. चौदा वर्षांचा मुलगा हें करूं शकतो. पहिल्या आठवड्यांत दूध एकदां नासेल, दोनदां उतूं जाईल, दही आंबट होईल. त्या आठवड्यांत घरानें काळा चहा प्यावा. तेवढ्यांत जर आईनें पुढें होऊन पातेलें हातांत घेतलें, तर दूध परत तिचें झालें, आणि पुढच्या वेळीं मुलगा तें घेणार नाहीं.

येथें गृहिणीविषयींहि दोन शब्द स्पष्ट बोलले पाहिजेत, कारण सगळा दोष पुरुषांच्या माथीं मारून भागणार नाहीं. पुष्कळ स्त्रियांस काम नकोसें झालेलें असतें, पण कारभार सोडवत नाहीं. नवऱ्यानें घड्या घातलेले कपडे त्याच्यादेखत उलगडून पुन्हां घातले जातात. त्यानें विसळलेल्या वाट्या उजेडापुढें धरून पाहिल्या जातात. 'अहो, इतका जाड कांदा चिरतात का कुठें!' हें वाक्य प्रेमानें म्हटलें गेलें तरी ऐकणाऱ्याच्या हातांतली सुरी खालीं येते. यालाहि कारण आहे. घराची अव्यवस्था दिसली तर येणारे-जाणारे नांवें तिलाच ठेवतात, त्याला ठेवीत नाहींत. मग तिनें डोळ्यांत तेल घालून पाहिलें तर तिचें काय चुकलें? शिवाय बाहेरच्या जगांत जिला फारसें कोणी विचारलें नाहीं, तिला निदान ओट्यापुढें तरी आपला शब्द शेवटचा असावा असें वाटतें. तरीहि जाड कांद्याची भाजी खाल्ली पाहिजे, आणि घडी उलटी पडलेला सदरा अंगांत घालून जातां आलें पाहिजे. घरांत सासूबाई असतील तर हें अधिक कठीण. मुलाच्या हातांत खराटा पाहून ज्या माउलीचा जीव कळवळतो, तिनें स्वतः ऐन पंचविशींत रोज दोन घागरी डोक्यावरून आणलेल्या असतात, आणि तेव्हां कोणाचा जीव कळवळला नव्हता हें ती विसरलेली असते. तिच्याशीं वाद घालूं नये. मुलानेंच तिला हंसत सांगावें कीं, 'आई, तूं दमलीस, आतां मला करूं दे.' सुनेनें हेंच म्हटलें तर त्याचा अर्थ निराळा लावला जातो.

या सर्व खटाटोपाची एवढी निकड काय, असें ज्यांना वाटत असेल त्यांनीं रुग्णालयाच्या सामान्य कक्षांत एक सकाळ काढावी. बाईच्या एका हाताला सलाईन लावलेलें असतें आणि दुसऱ्या हातानें तिनें फोन कानाशीं धरलेला असतो. पलीकडून पासष्ट वर्षांचे यजमान विचारीत असतात, 'अगं, मीठ कुठें असतं?' 'दुसऱ्या फळीवर, तुरीच्या डाळीच्या मागें,' ती सांगते. आणि थोडें थांबून, 'पिवळ्या झांकणाचा नव्हे, त्यांत सोडा आहे.' या गृहस्थांनीं पस्तीस वर्षें कचेरींत शेंकडों कागद बिनचूक जागच्या जागीं ठेवलेले असतात. बायकोवर त्यांचें प्रेम नसतें असेंहि नाहीं. ते रोज दोन तास बसनें येऊन तिच्या उशाशीं बसतात. पण चाळीस वर्षें ते ज्या घरांत राहिले त्या घराची वाट त्यांना ठाऊक नाहीं. आणि एके दिवशीं फोनवर उत्तर देणारें कोणी उरलें नाहीं म्हणजे तें घर कुलूप लावून बंद होतें. यजमान सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकट्याकडे, असे वांटून घेतले जातात. मुलें-सुना चांगलीं असतात. तरीहि सकाळीं उठल्यावर चहा मागावा कीं थांबावें, या विचारांत ते अंथरुणांतच बसून राहतात. मुलाच्या हातीं दूध दिलें नाहीं, नवऱ्याच्या हातीं कांहींच दिलें नाहीं, याची भरपाई त्या वयांत करून देतां येत नाहीं.

सुरुवात कोठून करावी असें विचारलें तर बहुतेक जण चहाचें नांव घेतात. चहा फसवा आहे. तो करणाऱ्यास लागलीच शाबासकी मिळते, आणि गाळणें, पातेलें व ओट्यावर सांडलेली साखर दुसऱ्याच्या वाट्यास येते. त्यापेक्षां रात्रीची झांकपाक द्यावी. जेवणें झाल्यावर उरलेली आमटी लहान भांड्यांत काढणें, भात किती उरला हें पाहून सकाळीं फोडणीस पुरेल कीं नाहीं हें ठरविणें, पोळ्यांच्या डब्यांत फडकें घालणें, विरजण लावणें, ओटा पुसून गॅस बंद करणें. या कामाला शाबासकी नाहीं, कारण तें होतें तेव्हां बाकीचे झोंपावयास गेलेले असतात. पण महिनाभर जो झांकपाक करतो त्याला घरांत काय आहे, काय संपलें, कोण किती जेवतें आणि कोण जेवलें नाहीं, हें सगळें कळूं लागतें. डबे त्याच्या ओळखीचे होतात. आणि उद्यांच्या उसळीसाठीं मटकी भिजत घालावयाची तीहि त्यानेंच. एखाद्या रात्रीं ती राहून गेली, तर दुसऱ्या दिवशीं उसळ होत नाहीं. बटाट्याची काचरी होते, आणि मटकी कोणी भिजत घातली नव्हती हें त्या घरांत कोणास विचारावें लागत नाहीं.